सुप्याचे कर्जरोखे आणि वाशीचा भाजीपाला : मालमत्तेची नासधूस व कायदेशीर सबब

जून २०१७ मधील शेतकरी संपात वाशीच्या एपीएमसी मार्केटमधील आवक घटली आणि राज्यात ठिकठिकाणी दूध-भाजीपाला रस्त्यावर ओतला गेला. वरकरणी ही कृत्ये एकसारखीच. परंतु स्वतःचा माल फेकणे सामान्यतः अपराध ठरत नाही. दुसऱ्याचा टेम्पो अडवून माल ओतणे ही मात्र तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ४२५ प्रमाणे ‘आगळीक’ होय.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली. रोख त्यांच्या देहावर नव्हता, दप्तरांवर होता. पुढे गावोगावी कर्जरोखे जाळले गेले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत ९५१ जणांना अटक झाली, ५०१ दोषी ठरले. रोखेच कपटाचे होते, ही दंगेखोरांची सबब. कलम ८१ सबब मान्य करते, पण तिचे उदाहरण आग पसरू नये म्हणून सद्भावनेने घरे पाडणाऱ्याचे आहे. कर्जाचा वणवा त्यात बसत नव्हता. उलट, मूल्यवान रोखा नष्ट करण्यास कलम ४७७ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती.

फौजदारी न्यायालयात नाकारलेली हीच तक्रार दिवाणी न्यायालयात मात्र पोहोचली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. प्रस्तुत लेखकाच्या मते १८७५ चे खरे फलित हेच.

१ जुलै २०२४ पासून आगळीक व अपरिहार्यतेच्या तरतुदी भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे कलम ३२४ व १९ मध्ये आहेत. भाव पडल्याची सबब तेथेही नाही.