कंप हाताचा, तोल पायांचा

जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत आदी संस्थाने मिळून १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. सीमा बदलल्या, पण कृष्णाकाठच्या घरांतील एक समजूत बदलली नाही. म्हातारपणी हात कापायचेच, असे म्हणून आपण स्वस्थ बसतो.

आपल्या वैद्यकास हा विकार अपरिचित नव्हता. माधवनिदानात वातव्याधींमध्ये सर्वांगाचा व मस्तकाचा कंप ‘वेपथु’ या नावाने सांगितला आहे. सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या खाजकुइलीचे बी वैद्य वापरीत आले. १९३७ साली मद्रासेस दामोदरन व रामस्वामी यांनी त्या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला. १९६७ साली अमेरिकेत कोट्झियस यांनी त्याच द्रव्याच्या मोठ्या मात्रेने कंपवाताचे जखडलेले रोगी हिंडते केले.

परंतु लोकांची नजर खिळली ती हातावरच. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली सहा रोग्यांवर निबंध लिहिला. त्यांतील काही तर त्याने रस्त्यातच पाहिलेले. धड पुढे झुकते आणि चालता चालता माणूस नकळत धावू लागतो, हेही त्याने टिपले होते.

तोल राहतो कसा? डोळे, अंतःकर्ण, तळपाय व सांधे यांच्याकडून मेंदूस क्षणोक्षणी वर्दी जाते आणि स्नायू शरीर सावरतात. कंपवातात हे सावरणे उशिरा व अपुरे होते. औषधाने ताठरपणा सैल झाला, तरी तोल तितका सुधारत नाही.

दुसरा एक कंप आहे. हात स्वस्थ असता तो सहसा दिसत नाही. कपबशी उचलताना दिसतो आणि पुष्कळदा घराण्यात चालतो. तो निरुपद्रवी मानला जाई. पण अशा कित्येकांना पावलास पाऊल लावून सरळ चालणे जड जाते, असे आता आढळले आहे. लहान मेंदूशी त्याचा संबंध असावा, असे मानतात.

वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उभारले. तेव्हा आधुनिक वैद्यक आपल्यास परके नाही. उणीव आहे ती घरच्या नजरेची. एकदा पडून खुब्याचे हाड मोडले की हिंडतेफिरते माणूस अंथरुणास खिळते. म्हणून उंच उंबरा, ओली न्हाणी, अंधारा जिना यांकडे आपण आधी पाहावे. वडीलधाऱ्यांस गर्रकन वळू न देता पावले टाकीत वळावयास सांगावे आणि वेळीच डॉक्टरांस दाखवावे. पार्किन्सनने जे रस्त्यात ओळखले, ते आपणांस ओसरीवर ओळखता आले पाहिजे.