वीस तसूंचं डेस्क

शहरात डेस्क म्हटलं की चार पायांचं टेबल डोळ्यांपुढं येतं. आमच्या कुकडीच्या खोऱ्यातल्या जुन्या माणसाला विचारा, तो खाली वाकून जमिनीपासून वीतभर उंची दाखवील. मांडी घालून बसणाऱ्यापुढं ठेवायची उतरत्या झाकणाची पेटी, ती डेस्क. आत दप्तर, वर कागद आणि मागच्या अंगाला दऊत ठेवायला सपाट पट्टी. गावात अशी चार डेस्कं होती. एक कुळकर्ण्यांच्या वाड्यात, एक वाण्याच्या दुकानात, एक सावकाराकडं आणि एक शाळेत. पैकी तीन माझ्या आज्यानं केलेली. आमच्या घरात मात्र डेस्क नव्हतं. लागतंय कशाला? लिहिणारं होतं कोण?

आम्ही सुतार, गावचे बलुतेदार. मी दापोडीला एसटीच्या कारखान्यात गाड्यांच्या बॉड्या बांधण्यात नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन पडवीत ठिय्या मांडला. आज्याचा वाकस, भाऊंच्या (म्हणजे वडलांच्या) पटाश्या आणि किकरी, माझे दोन रंधे, एक गिरमिट, भिंतीला टांगलेल्या करवती. एवढाच कारखाना. जुनं घर उतरवलं तेव्हा सागाची एक तुळई शाबूत निघाली होती, ती चार पावसाळे पडवीतच आडवी पडून होती. तिचं काय करायचं ते ठरत नव्हतं.

ते ठरलं कुळकर्ण्यांचा वाडा उतरवला तेव्हा. त्यांची पुढची पिढी पुण्याला गेलेली, वाड्याला नुसतं कुलूप. माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीतून रिकामे रुमाल, पत्र्याच्या ट्रंका, तुटका पाळणा आणि शेवटी ते डेस्क बाहेर आलं. झाकणावर शाईचे डाग तसेच. घरातल्या वहिनी पुण्याहून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुमच्या आजोबांचंच ना हे काम? घेऊन जा की घरी."

"नको वहिनी," मी म्हटलं, "मला माप तेवढं घेऊ द्या."

"माप घेऊन काय करणार?"

"करीन म्हणतो एक. आमच्या घरात करायचं राहिलंय."

टेप लावला तर मापं चमत्कारिक. लांबी साडेबावीस इंच. रुंदी बरोबर अठरा. मागची उंची नऊ, पण पुढची पाच इंच पाच सूत. (आठ सुतांचा एक इंच. मीटर-सेंटिमीटर देशात येऊन साठ वर्षं उलटली, तरी सुताराच्या तोंडून अजून सूतच निघतं.) आजा पाच इंच पाच सूत असलं वाकडं माप कशाला धरील? रात्री जेवताना डोक्यात उजेड पडला. उठलो आणि आढ्याच्या खोबणीतून त्याचा गज काढला. शिसवी काठी, हातांच्या तेलानं काळी झालेली, तिच्यावर चोवीस खुणा. चोवीस तसूंचा एक गज. मुंबई इलाख्यात चालणारा हा गज सत्तावीस इंचांचा, म्हणजे तसू एक इंच एक सुताचा. दुसऱ्या दिवशी वाड्यावर जाऊन डेस्काला गज लावला. लांबी वीस तसू. रुंदी सोळा. मागून आठ, पुढून पाच. सपाट पट्टी चार तसू, उरलेल्या बारा तसूंत तीन तसूंचा उतार, म्हणजे चाराला एक. कुठं तुकडा नाही, की सूतभर इकडंतिकडं नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाचा हा हिशोब होता. मला तो समजायला त्याचीच काठी हातात घ्यावी लागली.

चाराला एकच का, हेही करता करता कळलं. बोरूनं लिहिताना शाई ओली राहते. उतार जास्त झाला की ती ओघळते आणि दऊतही सुखानं बसत नाही. कमी झाला की लिहिणाऱ्याची मान दुखते. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि तिला अक्षरं लटकवीत जाई, हात फारसा न उचलता. दिवस दिवस बसून असं लिहायचं तर मनगट टेकायला जागा हवी. ती या उतारानं दिली होती.

बलुत्याविषयी आता लोक फार गोड बोलतात. गावगाडा कसा एकमेकांच्या आधारानं चालायचा, वगैरे. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' 1915 साली छापलं, ते मी नोकरीत असताना वाचलं. आत्र्यांचा सूर वेगळा. बलुतेदारांचा कुणब्याला केवढा भार होतो ते त्यांना दिसत होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण ते खळ्याच्या त्या बाजूनं बघत होते. आमची बाजू अशी: सुतार थोरल्या कासेतला, मान मोठा. नांगर, कुळव, पाभर, जू यांची घडण आणि दुरुस्ती बलुत्यात. लाकूड कुणब्याचं, हात आमचे. सुगीला खळ्यावर जायचं, औतामागं ठरलेल्या पेंढ्या आणि धान्य घ्यायचं. दार, पलंग, डेस्क हे बलुत्याच्या बाहेरचं काम, त्याचा मोबदला वेगळा ठरायचा. ठरायचा म्हणजे देणारा ठरवायचा. वाड्यातल्या डेस्काबद्दल आज्याला एक पागोटं आणि पायलीभर तांदूळ मिळाले, असं भाऊ सांगत. आजा ते पागोटं दसऱ्याला बांधायचा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची, त्या दिवशी वाकसाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पागोटं बांधून सोनं वाटायला वाड्यावर जायचं, आपणच केलेल्या डेस्काच्या पलीकडं उभं राहायचं आणि परत यायचं.

डेस्काच्या पलीकडं उभं राहणं हीच आमची जागा होती. तरी तिथंही एके काळी आमचं काही तरी चालत होतं. मराठी राज्यातले महजर, म्हणजे गावगोतानं बसून दिलेल्या निवाड्यांचे कागद, ज्यांनी पाहिलेत त्यांना हे माहीत असेल. कुळकर्णी आपल्या अक्षरानं लिहायचा. ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी करायचे. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदारांची ज्याची त्याची हत्यारं. वेडंवाकडं का होईना, ते चित्र त्या माणसाच्या धंद्याचं असायचं. कागद वाचता न येणाऱ्यालाही कळायचं की इथं सुतार हजर होता, इथं लोहार. तो नुसता अडाणी म्हणून नव्हे, हे हत्यार धरणारा म्हणून साक्षीला बसलेला असायचा.

आमच्या घराच्या जागेचा कागद इंग्रजी अमलातला. त्यावर आज्याच्या नावापुढं लिहिलंय: निशाणी डाव्या हाताचा अंगठा. शब्द निशाणीच राहिला, आतलं हत्यार तेवढं गेलं. अंगठा सगळ्यांचा सारखाच दिसतो. साहेबाच्या भिंगाला त्यातला फरक कळत असेल, गावाला कळत नाही. ज्या हातानं वीस तसूंची पेटी एका खिळ्याशिवाय बांधली, त्या हाताचा शाईचा ठिपका त्याच पेटीवर कागद ठेवून उमटवून घेतला असणार. आजा याबद्दल काही बोलल्याचं कुणाला आठवत नाही. मी मात्र तो कागद पाहिला की अजून दोन मिनिटं गप्प होतो.

तुळई आरागिरणीत नेली तर मालक आधी नाहीच म्हणाला. जुन्या लाकडात खिळा असतो आणि खिळा लागला की पट्टा तुटतो. दोन दिवस बसून एकेक खिळा उपटला. काही ठिकाणी लोखंडानं सागाला काळे डाग धरले होते, ते भाग बाजूला काढले. मग फळ्या पडल्या. बाहेरून राखेसारखी करडी तुळई आतून मधासारखी निघाली, आणि वास तर असा की गिरणीतली पोरं काम सोडून बघायला आली. सत्तर-ऐंशी वर्षं भार घेऊन वाळलेलं लाकूड. भट्टीतल्या वाळवणीला ही सर येत नाही, हे माझं मत. दापोडीच्या मित्रांना पटत नाही, न पटो.

बाजूच्या फळ्या उतरत्या कापणं सोपं. त्रास कोपऱ्यांचा. आज्याच्या डेस्काचे पुढचे कोपरे पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट दातांनी एकमेकांत गुंतवलेले आहेत. डेस्क पुढं ओढलं की जोर पुढच्याच फळीवर येतो. साधा सांधा असला की ती दोन वर्षांत हातात येईल. हे दात गुंतले की ओढू तेवढे घट्ट. एका फळीवर दात कापायचे, ते दुसरीवर ठेवून टोकदार चाकूनं आखून घ्यायचे आणि रेघेच्या आत करवत चालवायची. रेघ खाल्ली की सांधा ढिला. पहिला कोपरा बसायला मला दीड दिवस लागला, चौथा दुपारच्या चहाआधी झाला.

झाकणाला तीन फळ्या जोडाव्या लागल्या. तिथं मी फेविकॉल वापरला. आजा सरस वापरायचा. जनावराच्या कातड्याचा, डबक्यात डबकं ठेवून उकळलेला, घरभर घाण सुटणारा. पण सरसाचा एक गुण आहे. गरम पाणी आणि वाफ दिली की तो सुटतो. पन्नास वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला सांधा न फोडता उघडता येतो. फेविकॉलचा सांधा उघडत नाही, लाकूड फाटतं.

झाकणाखाली दोन आडव्या पट्ट्या येतात, फळी वाकू नये म्हणून. या पट्ट्या खाचेत नुसत्या सरकवायच्या, चिकटवायच्या नाहीत. सागही पावसाळ्यात रुंदीला थोडा फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. बांधून टाकला तर चिरतो. तळाची फळीसुद्धा खाचेत मोकळी. आज्यानं तळाला आंबा घातला होता. साग वाड्याच्या मालकाचा, मोजून दिलेला, तो दिसेल तिथंच लावायचा. मी तळालाही साग घातला. होता म्हणून.

पाच-सहा आठवडे हे चाललं होतं तेव्हा गावातले म्हातारे पडवीत येऊन बसायचे. एकानं विचारलं, "भाऊनं का केलं नाही रं कधी असलं?" प्रश्न बरोबर होता. भाऊंचा हात आज्याएवढाच चालायचा. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हाच आमच्या धंद्याचा पाया हलायला लागला होता. आधी लोक भ्यायचे, लोखंडानं जमीन नासते म्हणायचे. भीती गेली आणि लाकडी नांगरही गेला. भाऊंच्या काळापर्यंत कुळव, पाभर आणि गाडीची चाकं राहिली होती. 1950 च्या कायद्यानं कुळकर्णी वतन गेलं, सरकारी तलाठी आला, तो टेबल-खुर्चीवर बसायला लागला. डेस्क करून घेणारं गिऱ्हाईकच उरलं नाही. मग 1972 चा दुष्काळ. बैल विकले गेले. खळ्यावर काही आलंच नाही, तर पेंढी कसली? पुढच्या सालापासून भाऊ रोख पैसे मागायला लागले. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या हक्कानं जायचं, त्यांना मजुरीचा आकडा सांगताना ते जमिनीकडं बघायचे, हे मी पाहिलंय. त्याच साली त्यांनी मला सांगितलं, "नोकरी बघ. हत्यार घेऊन जा, पण नोकरी बघ." मी दापोडीला गेलो. तिथं पगाराच्या कागदावर सही करायची होती. मला करता येत होती, कारण भाऊंनी शाळा चुकवू दिली नव्हती.

चपड्याचं पॉलिश करावं की नुसतं तेल, यावर घरात वाद झाला. चकाकी हवी होती ती आमच्या मंडळींना. मी जवसाचं तेल लावलं. हात हातभर अंतर ठेवून तीन वेळा, दर वेळी चार दिवस वाळवून. झाकण उघडलं की आतल्या अंगाला, बिजागरीजवळ, पटाशीनं एक वाकस कोरलाय. बोटभर लांबीचा, दांडा जरा वाकडा झालाय. त्याखाली आज्याचं नाव, मग भाऊंचं, मग माझं. आज्याचं नाव कोरताना पंचाईत झाली. तो स्वतः ते कसं लिहिता, ऱ्हस्व की दीर्घ, सांगायला कुणी नव्हतं. कागदावर कुळकर्ण्यानं जसं लिहिलंय तसंच ठेवलं.

डेस्कावर आता नात बसते. ती जुन्नरला कॉलेजला जाते, मांडी घालून अभ्यास करायची तिला सवय आहे. पहिल्या दिवशी तिनं सगळीकडून हात फिरवून बघितला, झाकण दोनदा उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "आबा, मस्तच आहे. पण लॅपटॉप उतारावरून घसरतो. खाली एक पट्टी ठोका ना. आणि चार्जरची वायर कुठून काढू?" पट्टी ठोकली नाही, खुंट्यांवर बसवली, काढता येईल अशी. वायरीसाठी मागच्या फळीत उजव्या कोपऱ्याला पाऊण इंची गिरमिटानं भोक पाडून दिलं.