धर्मादा ते निर्धन रुग्ण निधी

जुन्या बाजारपेठांमधील हिशेबाच्या वह्या चाळल्या, तर मालाची किंमत, हमाली, तोलाई आणि दलाली यांच्या शेजारी एक छोटीशी रक्कम आढळते. ती म्हणजे धर्मादा. ही रक्कम वर्षअखेरीच्या नफ्यातून नव्हे, तर प्रत्येक सौद्यातून निघत असे. तेजी असो वा मंदी, सौदा झाला की धर्मादा निघालाच! दात्याच्या लहरीवर अवलंबून नसलेली दानाची ही रीत आपल्या व्यापारी समाजाची मोठी देणगी होय.

शेठ मोतीशा आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये मुंबईत पांजरापोळ उभी राहिली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी कापूस व अन्य मालावर लागा बसवून घेतला होता. मुक्या प्राण्यांची सोय अशी झाली. आजारी माणसांसाठीही दानाचे हात पुढे आले. जमशेटजींनी एक लाख रुपये दिले, सरकारने आपला वाटा घातला आणि १८४५ मध्ये गरिबांसाठी त्यांच्या नावाचे रुग्णालय सुरू झाले. आहार, औषध, शास्त्र व अभय या चतुर्विध दानांपैकी औषधदानाचे असे मोठे रूप मुंबईने पाहिले.

तथापि, दानावर चालणाऱ्या रुग्णालयांत एक उणीव राहून गेली. शुल्कमाफी ही कृपा होती, अधिकार नव्हता. गरीब कोणास म्हणावे, माफी किती द्यावी, हे व्यवस्थापकाच्या मर्जीवर ठरे. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ च्या अहवालात मांडले. पुढे मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ने वैद्यकीय साहाय्यास धर्मादाय कार्यात स्थान दिले. त्याच अधिनियमाच्या कलम ५४ अन्वये, धर्मादा म्हणून गोळा केलेल्या पैशाचा व्यापारी हा मालक नसून विश्वस्त ठरला. बाजाराची रीत कायद्याच्या पुस्तकात आली.

१९८५ मध्ये या अधिनियमात कलम ४१ कक समाविष्ट झाले. करसवलत वा शासकीय साहाय्य घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी गरिबांसाठी खाटा राखून ठेवाव्यात, असा त्याचा आशय होता. परंतु खाट राखली, तरी औषधांचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशाने मिळाले. त्यानुसार मंजूर झालेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने, असे प्रमाण ठरले. त्यासाठी अन्य रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करणे बंधनकारक झाले.

व्यापाऱ्यास या योजनेचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. महिन्याची बिले ५० लाखांची झाली, तर १ लाख रुपये गरिबांच्या खात्यात गेलेच पाहिजेत. प्रत्येक बिलातून निघणारा हा धर्मादाच नव्हे काय?

मात्र जमेच्या बाजूस रक्कम पडली, म्हणून ती गरजूपर्यंत पोहोचतेच असे नाही. निर्धन रुग्णांसाठी ८५ हजार आणि दुर्बल घटकांसाठी १ लाख ६० हजार अशी असलेली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पुढे अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत वाढली. परंतु तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका हाती नसेल, तर हे आकडे रोजंदारीवरील कुटुंबाच्या काय कामाचे? आणीबाणीच्या रुग्णास तत्काळ दाखल करून जीवरक्षक उपचार द्यावेत, असे योजना सांगते. पण अनामत रकमेच्या धास्तीने जो रुग्णालयाच्या दारातूनच परततो, त्यास हे कोण सांगणार?

पूर्वीचा दाता थैली घेऊन येत असे. त्या थैलीची गरज आजही संपलेली नाही. तथापि, आज गरिबाला आणखी एका दानाची अपेक्षा आहे. ते दान म्हणजे दाखला मिळवून देण्यासाठी दिलेला अर्धा दिवस, रुग्णालयातील समाजसेवकापर्यंत केलेली सोबत आणि घाबरलेल्या आप्तांना दिलेला धीर. निधी आहे, नियम आहे. त्या दोहोंपर्यंत गरिबाचा हात धरून नेणारा श्रावक हवा. धर्मादा वहीत लिहिला जातो, पण तो सफल होतो रुग्णाच्या खाटेपाशी.