स्फटिकांतील उष्णताजन्य कंपने व क्ष-किरणांचे परावर्तन

१९१२ साली म्युनिक येथे लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिख व क्निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरण पाठविले. अणूंच्या उष्णताजन्य कंपनांमुळे व्यतिकरण नष्ट होईल, असा आक्षेप झोमरफेल्डप्रभृतींनी तत्पूर्वी घेतला होता, अशी कथा प्रचलित आहे. पॉल फोरमन यांनी १९६९ साली तिच्याविषयी शंका घेतली. एवाल्ड यांनी तिला उत्तर दिले. तो वाद येथे बाजूस ठेवू. आक्षेप कोणी घेतलेला असो वा नसो, त्यातील प्रश्न खरा होता.

त्याचे उत्तर डेबाय यांनी १९१३-१४ मध्ये दिले. कंपनांमुळे परावर्तनाची रेषा रुंदावत नाही, केवळ तिची तीव्रता घटते. घटलेला अंश इतर दिशांना विखुरतो. परावर्तनाची कोटी जितकी उच्च, तितकी घट अधिक. १९१४ साली थोरल्या ब्रॅग यांना तापविलेल्या सैंधवात हाच प्रकार आढळला. डेबाय यांच्या सूत्रातील घातांक मात्र निम्मा होता. ती चूक इव्हार वॉलर यांनी १९२३ मध्ये दुरुस्त केली.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच होता. निरपेक्ष शून्यालाही अणू कंप पावतात काय? डेबाय यांनी शून्यबिंदू ऊर्जा धरून व न धरून अशी दोन्ही सूत्रे मांडली होती. निरनिराळ्या तपमानांच्या तीव्रतांची परस्परांशी तुलना करून निर्णय होण्यासारखा नव्हता. कारण शून्यबिंदू कंपनाचा वाटा सर्व तपमानांना समानच असल्याने गुणोत्तरातून तो लोप पावतो. त्यासाठी निरपेक्ष तीव्रता मोजावयास हवी, आणि निश्चल अणू किती विकिरण करील हे स्वतंत्रपणे ठाऊक हवे.

पहिले काम मँचेस्टर येथे आर. डब्ल्यू. जेम्स यांनी केले. शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत (१९१४-१७) हिमाच्या तरंगत्या थरांवर महिने काढलेले भौतिकीविद ते हेच. जेम्स व फर्थ यांनी १९२७ साली सैंधवाची मापने द्रव हवेच्या तपमानापर्यंत नेली. दुसऱ्या गोष्टीसाठी हार्ट्री यांनी नव्या तरंग-यांत्रिकीवरून सोडियम व क्लोरीन यांच्या आयनांतील विद्युद्भाराची वाटणी गणिताने काढली. १९२८ च्या जेम्स, वॉलर व हार्ट्री यांच्या निबंधात ही दोन टोके जुळली: प्रत्येक कंपनास अर्ध्या पुंजाइतकी शून्यबिंदू ऊर्जा मानली तरच गणित व मापन यांचा मेळ बसतो. सैंधवातील शेजारच्या आयनांच्या केंद्रांतील अंतर सुमारे २.८ आंग्स्ट्रॉम आहे. नेहमीच्या तपमानाला एका दिशेतील वर्गमाध्य विचलन त्याच्या सुमारे विसाव्या हिश्श्याएवढे भरते. व्यतिकरण टिकून राहते ते यामुळेच.