शनिवार सकाळचं जंगल: शिकागोच्या फॉरेस्ट प्रिझर्व्हमधलं स्वयंसेवी काम



शॉमबर्ग, पॅलाटाइन, नेपरव्हिल या आपल्या नेहमीच्या गावांतून गाडीने जाताना दर दोन-चार मैलांवर 'फॉरेस्ट प्रिझर्व्ह' अशी पाटी दिसते. उन्हाळ्यात आपण तिथे पिकनिकला जातो, मक्याची कणसं भाजतो, मुलं क्रिकेट खेळतात आणि संध्याकाळी डबे गोळा करून घरी येतो. त्या मैदानामागे जे जंगल आहे, त्याची निगा कोण राखतं हा प्रश्न इथे आल्यावर पहिली सात वर्षं मला पडला नव्हता. सरकार राखत असेल, असं धरून चालले होते. सरकार राखतंच, पण एकट्याने नाही. त्यातलं पुष्कळसं काम शनिवार-रविवारी सकाळी येणारी आपल्यासारखीच नोकरदार आणि निवृत्त माणसं करतात. गेली चार वर्षं मीही त्यांच्यात असते. या कामाबद्दल मराठीत फारशी माहिती सापडत नाही, म्हणून हा लेख. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटचा भाग आधी वाचावा.

नावात जंगल, मुळात माळ

१९१४ साली कुक काउंटीच्या मतदारांनी फॉरेस्ट प्रिझर्व्हच्या बाजूने कौल दिला आणि १९१६ मध्ये पहिली जमीन विकत घेतली गेली, ती पॅलाटाइनजवळची डीअर ग्रोव्ह. आज कुक काउंटीत अशी जवळजवळ ७०,००० एकर जमीन आहे, म्हणजे काउंटीच्या सुमारे ११ टक्के. ड्युपेज, लेक, केन, विल या काउंट्यांची आपापली वेगळी प्रिझर्व्ह आहेत.

नाव 'फॉरेस्ट' असलं तरी इलिनॉय हे प्रेअरीचं, म्हणजे उंच गवताच्या माळाचं राज्य. दोनशे वर्षांपूर्वी इथे सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १८३७ साली जॉन डीअर या लोहाराने याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावात पोलादी नांगर बनवला. चिकट काळी माती त्याला चिकटून बसत नसे. मग मका आला, नंतर सोयाबीन, आणि शेवटी आपली घरं. चांगल्या अवस्थेतली मूळ प्रेअरी आता अडीच हजार एकरांच्या आसपास उरली आहे, दर दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर. तीही कुठे टिकली, तर रेल्वे रुळांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत, जिथे नांगर पोचला नाही. रॉबर्ट बेट्झ नावाच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी अशा दफनभूमी धुंडाळून तिथल्या वनस्पतींची नोंद केली. त्यांच्याच पुढाकाराने १९७५ मध्ये बटाव्हियाच्या फर्मिलॅबमध्ये कणत्वरकाच्या वर्तुळाच्या आत प्रेअरी पेरायला सुरुवात झाली. भारतातून आलेल्या आईवडिलांना तिथले बायसन दाखवायला आपण बहुतेक जण गेलेलो असतो. बायसनच्या पलीकडचं ते गवत माणसांनी मुद्दाम पेरलेलं आहे, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

प्रेअरीच्या मधूनमधून ओक वृक्षांचे विरळ राखे होते. बर ओकची साल इतकी जाड असते की गवताला लागलेल्या आगीतून तो सहज वाचतो. आणि आग इथे वारंवार लागायची. कधी वीज पडून, पण बहुतेक वेळा पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवासी ती समजून-उमजून लावत. १८३३ च्या शिकागो तहानंतर पोटावाटोमींना इथून हुसकावण्यात आलं. त्यांच्याबरोबर आगही गेली. गवताचं मूळ जमिनीत खोल असतं, वरचं जळलं तरी ते पुन्हा फुटतं. जळतात ती झुडपं. आग थांबल्यावर झुडपांना रान मोकळं मिळालं.

बकथॉर्न

या कामात सगळ्यात जास्त कानावर पडणारा शब्द हाच. हे युरोपातलं काटेरी झुडूप, कुंपणासाठी एकोणिसाव्या शतकात इकडे आणलेलं. वसंतात सगळ्यांच्या आधी पालवतं आणि शरदात इतर झाडं ओकीबोकी झाली तरी हिरवंच राहतं. त्याच्या दाट सावलीत ओकचं रोपटं जगत नाही, फुलझाडं उगवत नाहीत, खाली नुसती उघडी माती राहते. फळं रेचक असतात, त्यामुळे पक्षी ती खाऊन लगेचच दूरवर बी टाकतात. नुसतं कापलं तर बुंध्यातून दहा धुमारे फुटतात. २०२० साली शिकागो परिसरात झालांच्या गणनेत बकथॉर्न हेच सगळ्यात जास्त संख्येचं झाड निघालं, तीन झाडांमागे एकाहून जास्त. ज्यांनी आपल्याकडे घाणेरी किंवा वेडी बाभूळ पाहिली आहे, त्यांना यापुढे काही समजावून सांगायला नको.

म्हणजे या जंगलावर बाहेरून कोणी घाला घालत नाही. ते नुसतं सोडून दिलं तर आपोआप संपतं, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते हिरवंगारच दिसत राहतं.

मी सोलापूरची. मी पहिल्या दिवशी काय केलं ते आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "झाडं तोडायला अमेरिकेला गेलीस होय गं?" शाळेत दर जुलैत आम्ही झाडं लावायचो, ती बहुतेक मार्चपर्यंत वाळायची, पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी लावायची. माळ म्हणजे पडीक जमीन, तिथे झाडं हवीत, हे आमच्या डोक्यात पक्कं होतं. बार्शीच्या रस्त्यावर नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, १९७९ सालचं. त्या पक्ष्याला उघडा गवताळ माळ लागतो, झाडी नको असते, हे मला इलिनॉयमध्ये करवत हातात घेऊन उभी असताना कळावं, याची गंमत वाटते आणि थोडी लाजही.

हे काम सुरू कसं झालं

१९७७ साली स्टीव्ह पॅकार्ड नावाचा एक माणूस शिकागो नदीच्या उत्तर शाखेच्या काठावरून सायकलने फिरताना झुडपांत गुदमरलेले माळाचे तुकडे पाहून थांबला. तो शास्त्रज्ञ नव्हता. त्याने हौशी मंडळी गोळा केली, काउंटीची परवानगी मिळवली आणि बी गोळा करणं, झुडपं काढणं सुरू केलं. नॉर्थब्रुकच्या सॉम प्रेअरी ग्रोव्हमधलं काम १९८० पासूनचं. या सगळ्याची हकिकत विल्यम स्टीव्हन्स यांच्या 'मिरॅकल अंडर द ओक्स' (१९९५) या पुस्तकात आहे.

पण ही गोष्ट सरळ रेषेत गेलेली नाही. १९९६ मध्ये आसपासच्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला: आमच्या घरामागची झाडं का तोडता, औषध का लावता, धूर का करता? कुक काउंटीने सगळं काम स्थगित केलं. ती बंदी पुढे टप्प्याटप्प्याने उठली. विरोध करणारे लोक मूर्ख होते असं मला वाटत नाही. त्यांना कोणी आधी विचारलं नव्हतं, समजावलं नव्हतं. आज आमच्या कामाच्या जागी वाटेवर फलक लावतात, आणि कुत्रं फिरवायला आलेल्या माणसाने विचारलं तर करवत खाली ठेवून दहा मिनिटं बोलायचं, असा शिरस्ता आहे.

वर्षभरात काय काय असतं

मुख्य हंगाम हिवाळ्याचा, नोव्हेंबर ते मार्च. जमीन गोठलेली असते, त्यामुळे पायांखाली रोपं तुडवली जात नाहीत. आपल्याला मिळते ती लांब दांड्याची कात्री, इथे तिला लॉपर म्हणतात, आणि हातकरवत. यंत्राची करवत फक्त प्रशिक्षण घेतलेल्यांनी चालवायची. कापलेल्या बुंध्यावर लगेच तणनाशक लावावं लागतं, ते फक्त राज्याचा परवाना असलेलाच माणूस लावतो. औषधात रंग मिसळलेला असतो, कुठे लावलं ते दिसावं म्हणून. मला आधी हे औषध नकोसं वाटायचं. मग एकदा औषध न लावलेला एक बुंधा दोन वर्षांनी पाहिला, आणि वाद मिटला. कापलेल्या फांद्यांचे ढीग करून ते तिथेच जाळतात. शून्याखाली दहा तापमान, भोवती बर्फ, आणि मध्ये माणसापेक्षा उंच शेकोटी. होळीची आठवण न येणं शक्य नाही. माझा मुलगा पहिल्या वेळी बोंब मारायला निघाला होता, त्याला आवरलं.

बकथॉर्न ओळखायचं कसं, हे नीट शिकून घ्यावं. साल किंचित खरवडली की आत नारिंगी रंग दिसतो, फांदीच्या टोकाला बारीक काटा असतो. पहिल्याच हिवाळ्यात मी न खरवडता भराभर कापत गेले आणि एक अख्खं हेझलनटचं बेट आडवं केलं. ते इथलं मूळचं झुडूप, आमच्या जागेत मोजून चार. आतलं लाकूड पांढरं दिसलं तेव्हा पोटात गोळा आला. आमच्या जागेच्या प्रमुख बाई आल्या, वाकून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "औषध लावलंय का?" लावलं नव्हतं. हेझलनट बुडातून पुन्हा फुटतं. मेमध्ये फुटलंही. औषधवाला माझ्या मागे पाच मिनिटं आधी पोचला असता तर ते कायमचं गेलं असतं.

नियंत्रित आग वसंतात किंवा शरदात लावतात. वारा, आर्द्रता, धुराची दिशा पाहून, जाळरेषा आखून, प्रशिक्षित पथकच ती लावतं. नवख्या स्वयंसेवकाचं तिथे काम नाही. उन्हाळ्यात तण उपटणं, त्यात पांढरा गोड क्लोव्हर आणि गार्लिक मस्टर्ड हे नेहमीचे. हे कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू.

जून-जुलैत मात्र एक काम असं आहे की त्यासाठी मी रजा टाकते. पांढऱ्या झालरीच्या पाकळ्यांचं एक प्रेअरी ऑर्किड आहे, १९८९ पासून केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत. त्याचं परागीभवन रात्री उडणारे मोठे पतंग करतात, आणि ते हल्ली पुरेसे येत नाहीत. म्हणून परवानगी असलेले स्वयंसेवक टूथपिकने एका फुलातला परागांचा पुंजका उचलून दुसऱ्या फुलात ठेवतात. एका वेळी एक फूल. दिवसभर कोड लिहिणाऱ्या बोटांना हे जमतं, हा माझा अनुभव आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर बियांचा. कागदी पिशव्या घेऊन बिग ब्लूस्टेम, कंपास प्लँट, रॅटलस्नेक मास्टर यांचं बी खुडायचं. कंपास प्लँटची पानं उत्तर-दक्षिण रेषेत उभी राहतात आणि मुळं दहा-पंधरा फूट खोल जातात. बी सुकवून, ओल्या, मध्यम आणि कोरड्या जागेसाठी वेगवेगळं मिसळून, थंडीच्या तोंडावर फेकतात. यातल्या बऱ्याच बियांना हिवाळा काढल्याशिवाय अंकुर फुटत नाही. लहान मुलांना आणि आजी-आजोबांना हे काम सगळ्यात सोयीचं. माझे सासरे ज्वारीची कणसं खुडावीत तसे झपाट्याने खुडतात, इथले लोक बघत राहतात.

यायचं असेल तर

आपल्या काउंटीच्या फॉरेस्ट प्रिझर्व्ह विभागाकडे स्वयंसेवक कामाच्या दिवसांचं वेळापत्रक असतं. बहुतेक ठिकाणी सकाळी नऊ ते बारा. पैसे लागत नाहीत, अनुभव लागत नाही, एक संमतिपत्र भरावं लागतं. मुलांबरोबर मोठं माणूस हवं. बऱ्याच हायस्कूलांमध्ये समाजसेवेचे तास मोजतात, ते इथे मिळू शकतात, पण मुलाला फक्त सहीसाठी आणू नका, थंडीत तो पाय आपटत उभा राहतो आणि आपल्यालाही काम करू देत नाही.

फुल पँट, पूर्ण बाह्या, बंद बूट, जाड हातमोजे. मे ते ऑक्टोबर पँटचे पाय मोज्यात खोचा आणि घरी गेल्यावर गोचिडांसाठी अंग नीट तपासा, मुलांच्या कानामागेसुद्धा. पॉयझन आयव्हीची तीन-तीन पानं ओळखायला पहिल्याच दिवशी शिका. हिवाळ्यात पानं नसतानाही तिच्या वेलीने पुरळ उठतं, आणि ती चुकूनही शेकोटीत टाकायची नाही. मधल्या सुट्टीत सगळे काहीतरी खायला आणतात. चिवडा दहा मिनिटांत संपतो, जास्त आणा.

पाठ-गुडघे साथ देत नसतील तर नोंदी ठेवण्याची कामं आहेत. बेडकांच्या आवाजांची, फुलपाखरांची, पक्ष्यांची मोजणी वर्षानुवर्षं स्वयंसेवकच करतात. शिकागो बोटॅनिक गार्डनचा 'प्लँट्स ऑफ कन्सर्न' हा दुर्मीळ वनस्पतींच्या नोंदीचा प्रकल्प २००१ पासून चालू आहे.

आमच्या जागेच्या प्रमुख बाई पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. कुठल्या ओकखाली कोणत्या साली काय उगवलं, कुठे काय पेरलं आणि काय आलंच नाही, हे सगळं त्यांच्या एकोणीस वह्यांत पेन्सिलीने लिहिलेलं आहे. त्याची दुसरी प्रत नाही. गेल्या हिवाळ्यापासून त्या वह्या मी स्प्रेडशीटमध्ये उतरवते आहे आणि आत्ता सातव्या वहीत आहे. काही पानं ओली होऊन पुसट झाली आहेत, ती त्यांच्या शेजारी बसून विचारून घ्यावी लागतात, आणि त्यांना वेळ असतो तो मंगळवारी दुपारी, मला नसतो तेव्हा. मंगळवारी दुपारी मोकळं असणारं, इंग्रजी हस्ताक्षर वाचायची चिकाटी असलेलं कोणी असेल, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला जरूर गाठा. मी चहाच्या टेबलाजवळच असेन.