राजकवीपद : आश्रय, भाषा आणि अधिकार

मराठी वाङ्मयेतिहासात 'राजकवी' हा शब्द बहुधा कवीच्या नावाआधीचे आदरार्थी विशेषण म्हणून येतो आणि चरित्रातील एक नोंद एवढेच त्याचे महत्त्व मानले जाते. वस्तुतः राजकवीपद ही एक संस्था आहे. नेमणूक कोण करतो, काव्य कोणत्या भाषेत अपेक्षित असते आणि ते कोणापुढे म्हटले जाते, या तीन प्रश्नांच्या आधारे तिचा विचार केला, तर मराठीपुरती एक लक्षणीय गोष्ट आढळते : हे पद मराठीच्या मुख्य भूमीत नव्हे, तर तिच्या सीमेपलीकडे रुजले.

आजच्या रायगड जिल्ह्यातील रायगडावर 1674 साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. अष्टप्रधानांत पंडितराव होते, न्यायाधीश होते; कवीचे पद मात्र नव्हते. कवींचा अभाव होता असे नाही. कवींद्र परमानंदांनी 'शिवभारत' संस्कृतात रचले, भूषणाने ब्रजभाषेत काव्य लिहिले. सार्वभौमत्वाची ग्वाही अखिल भारतीय प्रतिष्ठा असलेल्या भाषांतून देण्याचा संकेत येथे दिसतो. मराठीतील वीरगान अज्ञानदासासारख्या शाहिराकडे, म्हणजे दरबारी काव्याहून वेगळ्या, श्रोतृसमूहासमोर गायच्या रचनाप्रकाराकडे होते. मराठी राज्यातही दरबारी काव्याची भाषा मराठीच असावी, असा दंडक नव्हता.

विसाव्या शतकात चित्र पालटले. बडोद्याला चंद्रशेखर आणि त्यांच्यानंतर 1940 पासून यशवंत, तर ग्वाल्हेरला भा. रा. तांबे हे राजकवी झाले. दोन्ही ठिकाणी राजघराणे मराठी होते, पण बहुसंख्य प्रजेची भाषा अनुक्रमे गुजराती आणि हिंदी होती. अशा संस्थानात मराठी राजकवी हा प्रजेचा प्रवक्ता असण्यापेक्षा राजघराण्याच्या भाषिक स्मृतीचा रक्षक अधिक होता. 1949 साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि पदामागचा आश्रय संपला. उपाधी मात्र यशवंतांच्या नावाला अखेरपर्यंत चिकटून राहिली.

पदाचा काव्यावर काय परिणाम होतो, हेही यशवंतांच्याच उदाहरणावरून तपासता येते. 'काव्यकिरीट' हे त्यांचे काव्य प्रतापसिंहराव गायकवाडांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने लिहिले गेले. बालगुन्हेगारांच्या जीवनावरील 'बंदिशाळा' (1932) त्यापूर्वीचे. पहिल्याचा विषय प्रसंगाने ठरवला, दुसऱ्याचा कवीच्या करुणेने. यावरून राजाश्रय कवित्व मारतो असा सरसकट निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. परंतु नेमणूक कवीला प्रसंग देऊ शकते, अनुभव देऊ शकत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

लोकशाहीत हे पद अशक्य नाही. मद्रास राज्याने 1949 साली नामक्कल रामलिंगम पिळ्ळै यांना आस्थानकवी केले. आंध्र प्रदेशात दाशरथी कृष्णमाचार्य 1977 पासून आस्थानकवी होते. 1983 साली सत्तांतरानंतर ते पदच रद्द झाले. इंग्लंडमध्येही 1688 च्या क्रांतीनंतर नव्या राजसत्तेशी निष्ठेची शपथ न घेतल्याने ड्रायडनला हे पद गमवावे लागले. जे सत्ता देते ते सत्ता काढूनही घेते. महाराष्ट्राने 2023 साली राजा बढे यांच्या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला, तेव्हा कवीला जाऊन 46 वर्षे झाली होती. रचनेचा असा गौरव निर्धोक असतो. हयात कवी उद्या काय लिहील याची हमी कोणी देऊ शकत नाही.

प्रादेशिक राजकवीपदाची कल्पना या पार्श्वभूमीवर तपासली पाहिजे. पेण-अलिबागच्या खारेपाटात आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण धवले गाते. तिच्या गाण्यावाचून विधी पुरे होत नाहीत, अशी परंपरा आहे. तिला सनद नाही, पण अधिकार आहे. तो तिला तिच्या बोलीने, तिच्या स्मरणाने आणि समोर बसलेल्या वऱ्हाडाने दिलेला असतो. याच परिसरात कातकरी बोलीही आहे. येथे शासनाने कवी नेमला, तर तो कोणत्या बोलीत लिहिणार? प्रमाण मराठीतच लिहिणार असेल, तर 'प्रादेशिक' हा शब्द केवळ महसुली हद्द दाखवील, आणि बडोद्याचाच प्रकार उलट दिशेने घडेल : तेथे राजभाषा प्रजेहून वेगळी होती, येथे पदाची भाषा प्रदेशाहून वेगळी ठरेल.

म्हणून असे पद निर्माण करायचेच असेल, तर मुदत निश्चित असावी, प्रसंगकाव्याची सक्ती नसावी, बोलीला पूर्ण मुभा असावी आणि न रुचणाऱ्या कवितेसाठी कवीला दूर करण्याचा अधिकार शासनाकडे नसावा. यांतील शेवटची अट सर्वांत कठीण आहे, आणि पद कवीचे की दरबाराचे, हे तिच्यावरूनच ठरेल.