उधारीवर बोली : पे लेटर आणि ईएमआयमुळे ऑनलाइन लिलावात आपण जास्त का मोजतो?

थोडक्यात : खिशात पे लेटर किंवा झटपट कर्ज असलं की लिलावातली आपली बोली वर सरकते. असं झालं की आपलं लक्ष व्याजाकडे जातं. पण बरेचदा मोठं नुकसान व्याजात नसतं, वाढलेल्या बोलीत असतं. हे कसं घडतं, त्याचं गणित काय आणि बोली लावण्याआधी काय तपासायचं, ते या लेखात बघू.

हर्रास माहीत आहे? मग ऑनलाइन लिलावही कळेल

वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावात लिलाव ही काही नवी गोष्ट नाही. सोयाबीन किंवा तूर बाजार समितीत नेली की ढिगासमोर हर्रास होतो. व्यापारी बोली लावतात आणि सगळ्यात वरच्या भावाला माल जातो.

या हर्रासातली एक गोष्ट लक्षात ठेवा. व्यापारी कितीही जोरात ओरडत असला, तरी पुढे हा माल कितीला विकला जाईल ते त्याच्या डोक्यात पक्कं असतं. त्या आकड्याच्या वर तो जात नाही.

मोबाइलवर लिलाव खेळणाऱ्याकडे असा पक्का आकडा बहुतेक वेळा नसतो. जुना फोन, वापरलेला लॅपटॉप, फायनान्सवाल्यांनी ओढून नेलेली बाइक अशा वस्तूंना ठरलेली किंमत नसते. मग "किती द्यायचे?" या प्रश्नाचं उत्तर आपण "किती देऊ शकतो?" यावरून काढतो. उधारी नेमका हाच आकडा बदलते.

भारतात हे कधीपासून?

सर्वसामान्य ग्राहकासाठीचा ऑनलाइन लिलाव भारतात बाझी डॉट कॉमने लोकप्रिय केला. ही कंपनी मुंबईत २००० साली सुरू झाली. २००४ मध्ये ईबेने ती सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली आणि तिचं ईबे इंडिया झालं. ही साइट ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. आता लिलाव जास्त करून जप्त गाड्या, जुनी यंत्रं, बँकांनी ताब्यात घेतलेली घरं-प्लॉट आणि संग्राह्य वस्तू यांचा होतो.

त्या काळात आणि आजच्यात मोठा फरक उधारीचा आहे. तेव्हा क्रेडिट कार्ड मोजक्या लोकांकडे होतं आणि गावात तर जवळपास नव्हतंच. आज आधार, पॅन आणि सेल्फी दिली की काही मिनिटांत लिमिट मिळतं. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या पूर्वमंजूर क्रेडिट लाइनलाही यूपीआयची वाट मोकळी केली. म्हणजे ज्या क्यूआर कोडवर आपण चहाचे दहा रुपये देतो, त्याच कोडवर कर्जाचे दहा हजारही देता येतात. बोटाला फरक कळत नाही.

उधारीने बोली खरंच वाढते का?

हो. याचा एक प्रसिद्ध प्रयोग तर लिलावावरच झाला होता. अमेरिकेतल्या एमआयटीचे ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एमबीएच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या खऱ्या तिकिटांवर बंद पाकिटातली बोली लावायला सांगितलं. काहींना पैसे रोख द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या घरात गेली. हे संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झालं.

तिकीट तेच, सामना तोच. बदलली फक्त पैसे द्यायची पद्धत.

यामागे मुख्यतः तीन कारणं आहेत :

- पैसे गेल्याचं दुखत नाही. नोटा मोजून देताना हात जड होतो. पे लेटरमध्ये वस्तू आज येते आणि पैसे नंतर जातात, त्यामुळे दुखणं पुढे ढकललं जातं.
- हप्ता छोटा दिसतो. "११,१०० रुपये" ऐकून आपण थबकतो. "महिन्याला १,९८२" ऐकून म्हणतो, "चालतंय की."
- लिलावाची ऊब. स्क्रीनवर "तुमची बोली सगळ्यात वर" दिसलं की वस्तू आपलीच वाटायला लागते. मग कुणी वर गेलं की आपलं काही हिसकावल्यासारखं वाटतं. रोख पैसे असते तर खिसा रिकामा झाल्यावर थांबावं लागलं असतं. लिमिट असलं की थांबायला कारणच उरत नाही.

गणित बघा : व्याज छोटं, बोली मोठी

समजा, इंझोरीतला एक पोरगा जुन्या फोनवर बोली लावतोय. साइटवर आपोआप बोलीची सोय आहे. म्हणजे तुम्ही कमाल आकडा भरता आणि साइट गरजेपुरतीच बोली शंभर-शंभरने वाढवते. त्यामुळे जिंकणाऱ्याची किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर ठरते.

रोखीत : आपल्या पोराची मर्यादा ८,००० आणि दुसऱ्याची ७,५००. फोन ७,६०० ला सुटतो.

उधारीत : दोघांकडेही पे लेटर आहे. आता आपला पोरगा १२,००० पर्यंत तयार आहे आणि दुसरा ११,००० पर्यंत. तोच फोन ११,१०० ला सुटतो.

बोलीतच ३,५०० रुपये जादा गेले. आता कर्जाचा खर्च काढू. वर्षाला २४ टक्के व्याज, सहा हप्ते आणि २ टक्के प्रोसेसिंग फी धरू :

- मासिक हप्ता : सुमारे १,९८२ रुपये
- सहा महिन्यांचं व्याज : सुमारे ७९० रुपये
- प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी : सुमारे २६२ रुपये
- एकूण गेलेले पैसे : सुमारे १२,१५२ रुपये

७,६०० चा फोन १२,१५२ ला पडला. जादा गेलेल्या सुमारे ४,५५० रुपयांपैकी कर्जाचा खर्च हजाराच्या आसपास आहे. बाकीचे साडेतीन हजार बोलीत गेले. म्हणजे कर्ज अगदी बिनव्याजी असतं, तरी मोठा फटका बसलाच असता. "झिरो टक्के आहे, मग काय बिघडतं?" असं म्हणणाऱ्याने हा आकडा पुन्हा एकदा बघावा.

आणखी एक गोष्ट. दुकानात ठरलेल्या किमतीला तुमच्या उधारीमुळे लगेच फरक पडत नाही. लिलावात मात्र दोघांनाही उधारी मिळाली की दोघंही एकमेकांची किंमत वाढवतात. फोन एकच असतो, तो काही दोन होत नाहीत. जादा पैसे विकणाऱ्याकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे जातात.

फ्लॅट व्याजाचा सापळा

"फक्त १२ टक्के फ्लॅट" असं सांगितलं तर सावध व्हा. २०,००० चं कर्ज १२ महिन्यांसाठी फ्लॅट १२ टक्क्यांनी घेतलं, तर व्याज २,४०० आणि हप्ता सुमारे १,८६७ होतो. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असतानाही व्याज पूर्ण २०,००० वर धरलेलं असतं. खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून विचारायचं ते एकच : एपीआर किती? एपीआर म्हणजे व्याज आणि फी सगळं धरून होणारा वार्षिक दर.

गावाकडे धोका जास्त का?

हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला कापला जातो. शेतीचा पैसा तसा येत नाही. सोयाबीनचा पैसा साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. जूनमध्ये बियाणं-खतातच हात रिकामा होतो. नोव्हेंबरमध्ये सोपा वाटलेला हप्ता जुलैमध्ये बाउन्स होऊ शकतो.

बाउन्स झाला की कर्ज देणारी कंपनी दंड लावते आणि तुमची बँकही वेगळा आकार घेते. क्रेडिट रिपोर्टमध्येही नोंद जाते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्याला अपडेट होऊ लागली, त्यामुळे चूक पूर्वीपेक्षा लवकर दिसते. उद्या ट्रॅक्टर, शिक्षण किंवा घरासाठी कर्ज मागायला गेलात, की हा फोन आडवा येऊ शकतो.

आणि लिलावात दिसणारी ती स्वस्त बाइक कुठून आली, याचाही विचार करा. बऱ्याचदा ती कुणाचे तरी हप्ते थकल्यामुळे ओढून नेलेली असते. तीच बाइक आपण हप्त्यावर, तेही फुगलेल्या बोलीने घेतली, तर ती पुन्हा त्याच यादीत जायला वेळ लागत नाही.

नियम तुमच्या बाजूने काय सांगतात?

रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आणले आणि मे २०२५ मध्ये ते एकत्र करून नव्याने काढले. त्यातलं कामाचं एवढं :

- कर्ज घेण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट मिळायलाच हवं. त्यात एपीआर आणि सगळे आकार लिहिलेले असतात.
- कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाचा कूलिंग ऑफ काळ असतो. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंड न देता बाहेर पडता येतं. आधी सांगितलेली प्रोसेसिंग फी मात्र कापली जाऊ शकते.
- तुम्ही मागितल्याशिवाय लिमिट आपोआप वाढवता येत नाही.
- अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल लॉग आणि गॅलरी बघता येत नाही.

लक्षात घ्या, कूलिंग ऑफ कर्जाला आहे, बोलीला नाही. कर्ज परत केलं म्हणून जिंकलेली बोली रद्द होत नाही. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ नुसार लिलाव पूर्ण झाल्याचं जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते, त्यानंतर नाही. पैसे भरले नाहीत तर साइटच्या अटींप्रमाणे अनामत रक्कम बुडू शकते. विकणाऱ्याने स्वतःचाच माणूस बसवून खोटी बोली चढवली असेल, तर मात्र याच कलमानुसार खरेदीदार तो व्यवहार नाकारू शकतो.

बोली लावण्याआधी हे करा

१. रोखीचा आकडा काढा. "आज खिशातून नोटा द्यायच्या असत्या तर किती दिले असते?" तो आकडा कागदावर लिहा. पैसे नंतर उधारीने दिले तरी बोली त्याच्या वर न्यायची नाही.

२. बाकीचा खर्च आधी वजा करा. बाइकसाठी एकूण ३५,००० ठरवले आणि साइटचा आकार, वाहतूक, आरसी नावावर करणं आणि दुरुस्ती मिळून ११,००० लागणार असतील, तर तुमची कमाल बोली २४,००० आहे, ३५,००० नाही. जप्त गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवल्याची एनओसी मिळणार का, तेही आधी विचारा.

३. बाजारभाव बघा. तशीच वस्तू दुकानात किंवा ओळखीत कितीला मिळते? लिलाव म्हणजे स्वस्त, असं नसतं.

४. कमाल आकडा एकदाच भरा आणि फोन बाजूला ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांत स्क्रीनकडे बघत बसू नका. बोली तिथेच चढते.

५. हप्ता रिकाम्या महिन्यावर तपासा. दिवाळीच्या नाही, जुलैच्या खिशातून हप्ता निघेल का?

नेहमीचे प्रश्न

उधारीवर कधीच घेऊ नये का?
तसं नाही. दूध घालायला किंवा कामावर जायला गाडी लागते आणि तिच्यातून दरमहा पैसा येणार आहे, तर हप्ता समजण्यासारखा आहे. फक्त बोलीचा आकडा उधारीवरून ठरवू नका.

पे लेटर वेळेत फेडलं तर नुकसान नाही ना?
व्याज वाचतं. चढवलेली बोली मात्र परत मिळत नाही.

अ‍ॅप धमकावत असेल तर?
कर्ज देणारी बँक किंवा एनबीएफसी कोण आहे ते आधी शोधा आणि तिच्याकडे लेखी तक्रार करा. उत्तर नाही मिळालं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हेल्पलाइन १४४४८. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा.